फक्त हात आणि वही

दिव्यांच्या दुकानात दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरची खोकी चाचपत होता, आणि हवं ते खोकं काही केल्या त्याच्या हाताला लागत नव्हतं. तिच्या पुढे उभा असलेला माणूस त्याला म्हणाला, "सावकाश. घाई कुणाला आहे? आपण आहोतच की इथे."

एवढंच. रांगेत उभा राहिलेला कुठलाही भला माणूस म्हणेल असं वाक्य. पण तिच्या मानेवरून कुणी गार बोट फिरवावं तसं तिला झालं. 'आपण'च्या आधी टाळूला चिकटलेली जीभ सुटल्याचा तो बारीकसा आवाज, 'आहोतच'वर घेतलेला झोका, आणि मग झोपलेलं मूल अंथरुणावर अलगद ठेवावं तसं 'इथे' हा शब्द खाली ठेवणं. हे सगळं खारूचं होतं. खारू म्हणजे तिची मुलगी, पंधरा वर्षांची. लहानपणी कायम काहीतरी कुरतडत असायची म्हणून खारू. आणि हा माणूस पंचेचाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, अर्धे केस पिकलेला, एकदा पाहिला की लगेच विसरून जावा असा. परक्या माणसाच्या तोंडातून आपल्या मुलीचं बोलणं ऐकू यावं, म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या दोरीवर आपल्या घरातले कपडे वाळत घातलेले दिसावेत, तसं काहीतरी ते होतं. त्याला दिवा मिळाला. टेबलावरच्या दिव्यात बसतो तसला, लहान. वळताना त्याची नजर तिच्यावरून गेली आणि काउंटरवर ठेवलेल्या तिच्या हातावर, गेलेला दिवा धरलेल्या उजव्या हातावर, जरा रेंगाळली. मग "या, तुमचं होऊ द्या," असं म्हणून तो बाजूला झाला आणि दुकानाबाहेरच्या उन्हात विरघळून गेला. दुकानदारानं तिलाही विचारलं, "पिवळा की पांढरा?" ती म्हणाली, "कोण?" दुकानदार हसला. तिला हसू आलं नाही.

ती इस्पितळात कान तपासायची. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढच्या दारात, भिंतींना जाड गादी लावलेली लहानशी आवाजबंद खोली होती, तिला एक काचेची खिडकी, आणि खिडकीच्या अलीकडे तिची खुर्ची आणि यंत्र. पेशंटच्या कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मग ती एकेक आवाज सोडायची, उंच, खालचा, दूरचा, आणखी दूरचा. सगळं इस्पितळ तिला 'कानवाल्या बाई' म्हणे. दीर म्हणायचा, आमची वहिनी हलक्या कानाची नाही, महागड्या कानाची आहे. इतक्या वर्षांत तिला माणसांच्या जाती कळल्या होत्या त्या कानांवरून. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटणारे असतात. बायकोचं तेवढं ऐकू येत नाही असं सांगणारे असतात. आणि एक जात अशी की ज्यांना शांतता सोसत नाही. ती काहीच आवाज सोडत नसे, मुद्दाम थांबून राही, आणि काचेपलीकडे तो माणूस ताठ बसून, डोळे मिटून, बटण दाबी. आला. पुन्हा दाबी. आला. नसलेला आवाज. अशा माणसांची तिला कीव यायची आणि थोडी भीतीही वाटायची. आज रस्त्यानं घरी जाताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, आज दुकानात बटण आपण तर दाबलं नाही ना? काचेच्या आत आपण तर बसलेलो नाही?

पण नाही. तिचा कान खोटं बोलणारा नव्हता. मुलं बोलणं उचलतात हे तिला नवीन नव्हतं. दोन वर्षांची खारू पहारेकऱ्याचा खोकला हुबेहूब काढायची, अगदी शेवटच्या घरघरीसकट. पाहुणे पोट धरून हसत. पाचवीत असताना कुठल्याशा मैत्रिणीचं तोतरेपण घेऊन आली होती, ते सुटायला महिना लागला. म्हणजे बोलणं हे सर्दीसारखं असतं, कुणाच्या तरी जवळ बसल्याशिवाय लागत नाही. मग हे कुणाचं लागलं? ती चालता चालता माणसं तपासत गेली. भाचा नाही, त्याचं बोलणं भरभर. नवऱ्याचं तर बिलकूल नाही, तो वाक्य सुरू करतो आणि दुसऱ्यावर सोपवून मोकळा होतो. शाळेतलं कुणी? केव्हापासून ऐकतोय आपण हे? मागे नवऱ्याच्या किल्ल्या सापडत नव्हत्या आणि तो घर डोक्यावर घेत होता तेव्हा खारू शांतपणे म्हणाली होती, "घाई कुणाला आहे बाबा?" तो चकित होऊन थांबला होता. नंतर म्हणाला, पोरगी मोठी झाली. तीही सुखावली होती. एकदा ती स्वतः कामावरून रडकुंडीला येऊन बसली होती तेव्हा खारूनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, टाळूशी तोच बारीक आवाज झाला होता, आणि, "आपण आहोतच की इथे." तेव्हाही ते तिला ऐकू आलं होतं, तिच्या कानानं ते टिपून ठेवलं होतं, फक्त तिला सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांची मुलगी 'मी आहे ना' म्हणते. 'आपण' कोण?

घरात शिरली तेव्हा खारू तिच्या टेबलाशी बसली होती. समोर स्टँडवर फोन तिरका लावलेला, त्याचा डोळा खाली वहीकडे, कानावर हेडफोन, लिहिणारा हात आणि वही दाबून धरणारा हात, दोन्ही दिव्याच्या उजेडात. तिच्याकडे न बघता खारूनं बोटानं खूण केली, आत्ता नको. या चित्राची सगळ्या घराला सवय झाली होती, इतकंच नव्हे तर अभिमान होता. मागच्या वर्षी गणितात गाडी घसरली तेव्हा वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं होतं. मुलगी हुशार आहे पण बूड टेकून बसत नाही, म्हणाल्या होत्या. त्याच सुमाराला शाळेत पालकांसाठी एक व्याख्यान झालं. मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवत एक तरुण तज्ज्ञ सांगत होता: अनोळखी माणसांना फोटो पाठवू देऊ नका, चेहरा दाखवू देऊ नका, शाळेचं नाव, पत्ता, खरं नाव, काही देऊ नका. तिनं एकेक गोष्ट मनात टिपली होती. आणि मग खारूनंच कुठून तरी ही फोनवरची अभ्यासिका शोधून काढली. मुलंमुली आपापल्या घरी बसून, एकमेकांच्या सोबतीनं, गप्प अभ्यास करायची. नियम एकच, खारूनं तो आल्या आल्या वाचून दाखवला होता: चेहरा नको, नाव नको, फक्त हात आणि वही. तज्ज्ञानं सांगितलेलं सगळं आपोआप पाळलं गेलं होतं. चाचणीत गुण वाढले. वर्गशिक्षिकेनं भर वर्गात खारूला उभं करून शाबासकी दिली आणि इतरांनाही म्हणाल्या, बघा, फोनचा असाही उपयोग होतो. रोज संध्याकाळी ती दुधाचा पेला त्या टेबलावर ठेवायची, हळूच, आवाज न करता, देवघरात ठेवावा तसा. पडद्यावर चौकटीच चौकटी दिसत, प्रत्येक चौकटीत दोन हात. तिला ते शेत वाटायचं, हातांचं शेत, वारा लागल्यासारखं डुलणारं. कानात काय चाललंय ते मात्र तिला माहीत नव्हतं. दिवसभर परक्यांच्या कानांत काय जातं याचा ती डेसिबलपर्यंत हिशोब देऊ शकली असती.

नवऱ्याला तिनं दुकानातलं सांगितलं. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसायला वेळ लागे. म्हणाला, "अगं, असं तर माझी आतेबहीणही बोलते."

"कुठली?"

"कुठली म्हणजे... कुणीतरी बोलतंच असेल की. तू ना, कामावरून कान घरी आणत जाऊ नकोस."

मग तिनं खारूला विचारलं. जेवणं झाल्यावर, ताटं उचलताना, सहज विचारल्यासारखं. पण सहज विचारणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि पंधरा वर्षांच्या माणसापुढे तर अशक्य.

"आपण आहोतच की इथे, हे कुठून शिकलीस गं?"

"काय शिकले?"

"असं म्हणतेस ना तू."

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे?"

"रूममधले." खारूनं पाणी प्यायला पेला तोंडाला लावला आणि पेल्याआडून म्हणाली, "दादा म्हणतो तसं. कुणी रडायला लागलं की वगैरे."

"दादा कोण?"

"रूम चालवतो तो. कॉलेजात आहे. खूप लांब राहतो, आई, तू लगेच तसली तोंडं करू नकोस."

"पाहिलंयस त्याला?"

"तिथे कुणीच कुणाला पाहत नाही. तोच तर नियम आहे." मग ती हसली, आणि हसतानाही तो बारीक आवाज झाला, जीभ सुटल्याचा. आईनं ताटांचा ढीग मोरीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळची, सगळ्या खिडक्यांतून येणारी उन्हं घरभर लोळत होती, नवरा चपला घालून कोपऱ्यावर पेपर आणायला गेला होता, आणि खारू आंघोळीला. रविवारी सकाळीही अभ्यासिका भरायची. टेबलावर फोन तसाच स्टँडला होता, चालू, वही उघडी, हेडफोन वहीवर काढून ठेवलेले, उबदार. ती खुर्चीत बसली. हेडफोन चढवले. तिच्याच हातांनी इतक्या वर्षांत हजारो डोक्यांवर चढवलेली वस्तू, पण आपल्या डोक्यावर ती निराळीच लागते, कुणीतरी दोन तळव्यांत आपलं तोंड धरल्यासारखी. आधी वाटलं काहीच नाही. मग ऐकू यायला लागलं. ही शांतता एका खोलीची नव्हती. कितीतरी घरांच्या शांतता एकमेकींवर रचल्या होत्या. पेनांची कुरकुर. कुठेतरी पंख्याची पाती घासतायत. एका घरात तान्हं मूल किरकिरतंय. कुणीतरी नाक ओढलं. आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी जवळ, श्वास. ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा, धरून ठेवलेला आणि मग हळूच सोडलेला. हे तिला कळलं, कारण काचेपलीकडच्या पेशंटचा श्वास ती रोज असाच बघत आली होती. तिनं नकळत दोन्ही हात वहीवर ठेवले होते.

"हे हात खारूचे नाहीत," तो म्हणाला.

पेनं थांबली नाहीत. म्हणजे हे बाकीच्यांना ऐकू जात नव्हतं. तो फक्त या चौकटीशी बोलत होता. "बसा ना," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे?" टाळूशी तो बारीक आवाज. "इस्त्रीचा डाग आहे ना तो, उजव्या हातावर? रोज दिसतो. दुधाच्या पेल्याबरोबर येतो. काल दुकानात पाहिला तेव्हा वाटलं, अरे, हा तर ओळखीचा हात. पिवळा घेतलात शेवटी की पांढरा?"

तिनं त्याला आवाजावरून ओळखलं होतं, आणि त्याच क्षणी, त्याच काउंटरपाशी, त्यानं तिला हातावरून. दोघंही एकमेकांकडे न बघता एकमेकांना ओळखून उभे होते. ओरडावं, हेडफोन भिरकावून द्यावेत, स्टँड आपटावा, असं सगळं तिच्या अंगातून एकदम धावत गेलं. पण ती हलली नाही. हलली नाही हे तिचं शहाणपण नव्हतं, सवय होती. आवाज सोडायचा नाही. थांबायचं. शांतता सोसत नाही ते स्वतःच बटण दाबतात. तिनं हात वहीवर सपाट ठेवले आणि काहीच बोलली नाही. पंख्याची पाती घासत राहिली. बाथरूममध्ये पाणी पडत राहिलं.

"रागावलात?" तो म्हणाला. ती गप्प. "रागावू नका. मी काही मागत नाही कुणाकडे. पोरांना सोबत लागते, ती देतो. तुम्ही दोघं कामावर." ती गप्प. "पंखा बदलला ना तुम्ही मध्यंतरी? आधीचा खडखड करायचा. आणि तुमच्या मागच्या गल्लीत पत्रा कापतात, सकाळी. शाळेची घंटा दुपारची वाजते ती आधी तुमच्या खिडकीतून फोनवर येते, मग इथे माझ्या खिडकीतून, खऱ्या कानानं. मला घर लगेच सापडलं." त्याचा आवाज जरा भरभर व्हायला लागला होता. आता तो झोका नव्हता, वाक्यं एकमेकांच्या पायात येत होती. "बोला ना काहीतरी. खारू बोलते. खारूनं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं? गुरुवारी भेटणारेय ती मला, शाळेतून परस्पर. वह्या न्यायला. तिला वाटतंय मी लांबून येणार. मी इथेच तर आहे, जवळ. तिला मोठ्ठं आश्चर्य वाटणारेय." मग तो एकदम थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. धरून ठेवलेला श्वास सुटला. चौकट काळी झाली, तिच्या शेजारची काळी झाली, मग सगळं शेत एका झटक्यात विझलं.

"माझे हेडफोन!" खारू दारात उभी होती, केसांचं पाणी खांद्यावर निथळतंय, चेहरा पांढराफटक. "तू माझ्या जागेवर बसलीस! तू बोललीस त्याच्याशी?"

"मी काही बोलले नाही. तोच बोलला."

"काय बोलला?"

"गुरुवार."

खारू खाली बसली, ओल्या फरशीवरच. मग भांडण झालं, त्या घरात कधी झालं नव्हतं असं. खारू म्हणाली की बाकीच्यांचे आईबाप दारावर पाळत ठेवतात, ही तर कानात शिरते. म्हणाली की सगळ्या जगात एकच माणूस आहे जो काही मागत नाही. ती म्हणाली, तो कॉलेजातला पोरगा नाही, खारू, तो माझ्यापेक्षा मोठा आहे, केस पिकलेत त्याचे, तो काल माझ्या पुढे उभा होता. खारू ओरडली, खोटं. मग पुन्हा म्हणाली, खोटं, पण हळू. नवरा पेपर हातात घेऊन दारात उभा होता आणि कुणाच्याच बाजूला जात नव्हता. शेवटी त्यानं पेपर खाली ठेवला, मुलीच्या शेजारी फरशीवर जाऊन बसला, त्याची विजार भिजली, आणि म्हणाला, "तो काहीच मागत नाही म्हणतेस. एकदाही नाही?"

खारूनं ओले केस हातानं पिळले आणि म्हणाली, "फक्त झोपताना हेडफोन काढू नको म्हणतो."

"का?"

"एकटं वाटू नये म्हणून. आम्ही झोपेपर्यंत तो ऐकतो. श्वास." तिनं वर पाहिलं. "त्यात काय आहे? श्वासच तर असतो."

नवऱ्यानं तिचा ओला हात घट्ट धरला. आईला मात्र त्या क्षणी हात पुढे करवला नाही. मुलगी जन्मली तेव्हापासून किती रात्री आपण पाळण्यावर वाकून तो श्वास चालू आहे ना हे ऐकलं होतं, ते तिला आठवत होतं. आणि पुढे कधी तरी, आता मोठी झाली म्हणून, आपण ते सोडून दिलं. तिनं सोडलेली जागा रिकामी राहिली नव्हती.

सोमवारी ती आणि नवरा वर्गशिक्षिकेकडे गेले. शिक्षकांच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे, खडूचा वास. वर्गशिक्षिका ऐकत गेल्या तशा त्यांच्या हातातलं लाल पेन उघडझाप करत राहिलं. "वर्गात मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मुलींनाही मीच म्हटलं, जा, बसा तिथे. मला कौतुक वाटलं होतं. चेहरासुद्धा नाही म्हणताहेत, आणखी काय हवं." त्या उठल्या, त्याच पावली वर्गात गेल्या, आणि मधल्या सुट्टीत एकेक मुलगी येऊन बसायला लागली. एकीनं सांगितलं, तिलाही झोपताना. दुसरी नुसतं नाही म्हणाली, पण म्हणताना तिच्या टाळूशी तोच बारीक आवाज झाला, आणि कानवाल्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. शाळेतूनच सगळे मिळून पोलिसांकडे गेले. वर्गशिक्षिका पुढे होत्या. अभ्यासिका तोवर पुसली गेली होती, तिची खूणही उरली नव्हती. पण दिव्याच्या दुकानदारानं पोलिसांना लगेच सांगितलं, हो, ते ना, दोन गल्ल्या पलीकडे भाड्यानं आलेत, तीन-चार महिने झाले, फार सभ्य. त्याआधी तो दुसऱ्या एका वस्तीत राहत होता, तिथेही एक मुलगी होती, हे नंतर कळलं. बुधवारी त्याला घरातून नेलं. नवरा पोलिसांबरोबर दारापर्यंत गेला होता. परत येऊन तो बराच वेळ हात धूत बसला. "काही नव्हतं गं घरात," तो म्हणाला. "एक टेबल, एक दिवा, एक खुर्ची. भिंतींना आतून गाद्या लावल्यात. तुमच्या इस्पितळातल्या खोलीसारख्या." आणि मुलींच्या झोपेचे तास आणि तास साठवलेले सापडले, असं पोलीसबाई म्हणाल्या. नुसता श्वास. पोलीसबाईंना त्याचं काय करावं ते कळत नव्हतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

वाईट ते टळलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण खारू बोलेनाशी झाली. रुसून नव्हे. ती वाक्य सुरू करायची आणि मध्येच थांबायची, घशात काहीतरी अडकलं आहे का हे चाचपल्यासारखी. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून म्हणाली, "आई, मी बोलते त्यातलं माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, तुला कळतं ना? तुझे कान चांगले आहेत. सांग ना, मी तेवढं बोलणार नाही."

तिला सांगता आलं असतं. एकेक जागा बोट ठेवून दाखवता आली असती. ती म्हणाली, "तोतरेपण आणलं होतंस पाचवीत, आठवतं? त्याला कुणी काढलं नाही. तू इतकी बडबड करत राहिलीस की ते झिजून गेलं."

"आणि हे नाही झिजलं तर?"

"बडबड कर तू. आम्ही कंटाळेपर्यंत कर."

खारू हसली नाही, पण त्या दिवशी ताट घेऊन टेबलाशी येऊन बसली आणि शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या टोपाबद्दल काहीतरी लांबलचक सांगत राहिली. नवरा मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारत राहिला, ती त्याला दुरुस्त करत राहिली. झोप मात्र परत आली नव्हती. कानावर काही नसलं की खारूला झोपच लागत नसे. म्हणायची, खोली फार मोठी होते. डॉक्टरांनी सांगितलं, वेळ द्या, दुपारची घटकाभर तरी पडू द्या तिला. तेव्हा आईनं कामाची वेळ बदलून घेतली. दुपारी पडदे ओढून खारू पडायची आणि ती शेजारी खुर्चीत बसायची. "ऐकतेयस ना?" खारू विचारायची. "ऐकतेय." मग हळूहळू तो श्वास लांब व्हायचा, वर जायचा, वरच्या टोकाशी थोडा थांबायचा, उतरायचा. तिला त्यातलं सगळं ऐकू यायचं, नाकपुडीशी होणारी बारीक शीळ, मधूनच गिळणं, एखादं स्वप्न पाण्याखालून सरकून जाताना होणारी खळबळ. जगात दुसरं काही ऐकण्यासारखं आहे असं तिला वाटेनासं व्हायचं. खारू उठायची वेळ झाली की तिला वाईट वाटायचं. इस्पितळात एकदा एका म्हाताऱ्यानं आवाज नसताना बटण दाबलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण आवाज सोडायचंच विसरलो होतो. आपण कितीतरी वेळ त्याची छाती वरखाली होताना बघत बसलो होतो.

मग एका दुपारी खारूनं उशी सरळ केली आणि म्हणाली, "आज तू जा. मला एकटीला झोपून बघायचंय."

"नक्की?"

"नक्की. दार लावून घे."

ती उठली. दार ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ नये म्हणून बोट मध्ये धरून. बाहेर पॅसेजमध्ये भर दुपारचा उजेड होता, चपला, कोपऱ्यातली छत्री, सगळं जागच्या जागी. स्वयंपाकघरात जायचं, भांडी घासायची, नळ मोठा सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं. तिनं दाराच्या लाकडाला कान लावला. थोडा वेळ काही नाही, मग पांघरुणाची सळसळ, कुशीवर वळणं, आणि मग तो, लहान, अवखळ, अजून झोपेत न शिरलेला. आणखी थोडंच, ती स्वतःला म्हणाली, तो लांब झाला की जाऊ. तो लांब होत नव्हता. तिनं स्वतःचा श्वास धरला, नीट ऐकू यावं म्हणून, आणि मग हळूच सोडला.

आतला श्वास थांबला.

"आई," दारापलीकडून खारू म्हणाली, अगदी जवळून, "मला तू ऐकू येतेयस. जा ना."